खुराड्याजवळून : दाण्यात भरलेला पाचक

या महिन्याच्या टपालात नऊ पत्रे आली, त्यांतली सहा एकाच व्हिडिओने लिहायला लावलेली. तो व्हिडिओ मलाही आला होता. भाच्याने पाठवला आणि खाली लिहिले, "मावशी, तुझे दुकान बंद!" त्यात एक गृहस्थ मक्याचे कणीस हातात धरून सांगतात की आता कोंबडीच्या खाद्यात काही मिसळायला नको, पाचक द्रव्य दाण्यातच पिकते. मागे संगीत असे, जणू कुणाच्या घरावर दरोडा पडतोय. कासदाह आणि गोचीड यांना पुढच्या अंकाची वाट बघायला लावून या वेळची जागा याच विषयाला देते.

नव्या वाचकांसाठी एक खुलासा, जो दर दोन-तीन महिन्यांनी करावाच लागतो. मी पशुवैद्य नाही. मी खाद्याची केमिस्ट. २८ वर्षे खाद्य गिरण्यांच्या प्रयोगशाळांत काढली आणि आता बांदोड्याला घरामागे ३२ कोंबड्या पाळते. गाय आडवी झाली असेल तर मला पत्र लिहू नका, डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न : "आमच्या दोनशे लेयर (अंड्यांच्या) कोंबड्या आहेत. मका बेळगावहून चोर्ला घाटातून येतो. व्हिडिओतला मका त्यात मिसळून येत असेल का? तसल्या मक्यावरची अंडी लहान मुलांना दिली तर चालतील का? आणि हा पाचक नक्की पचवतो तरी काय?" (एक भगिनी, केरी-सत्तरी)

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो कळला की पहिले दोन हलके होतात.

मका घ्या, सोया घ्या, कोंडा घ्या. कुठल्याही बीमध्ये पुढच्या रोपासाठी फॉस्फरस साठवलेला असतो, पण सुटा नसतो. फायटिक आम्ल नावाच्या रेणूत तो बांधलेला असतो, एका कड्याला सहा फॉस्फेट. आमच्या जुन्या घरात माडीवर एक पेटारा होता आणि त्याची चावी आजीच्या कमरेला. पेटारा भरलेला आहे हे सगळ्यांना ठाऊक, उपयोग कुणालाच नाही. तसेच हे. बी रुजू लागले की ते स्वतःची चावी स्वतः तयार करते आणि पेटारा उघडते. कोंबडीकडे, डुकराकडे आणि आपल्याकडेही ती चावी नसल्यातच जमा.

१०० किलो मक्यात सगळा मिळून फॉस्फरस पाव किलोच्या थोडा वर असतो. त्यातला सुमारे दोन-तृतीयांश कुलूपबंद. तो कोंबडीच्या तोंडातून आत जातो आणि तसाच्या तसा लिटरवर, म्हणजे शेडमधल्या भुशाच्या अंथरुणावर, पडतो. जाताना जस्त, लोह, कॅल्शियम यांनाही हाताला धरून नेतो, हे वेगळेच. मग आपण पोते भरून डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, आणतो आणि खाद्यात घालतो. म्हणजे फॉस्फरसचे पैसे दोनदा मोजायचे, एकदा मक्याबरोबर आणि एकदा डीसीपीच्या पोत्याला.

ती चावी म्हणजे फायटेज. हे एक एन्झाइम आहे, म्हणजे प्रथिन. आज खाद्य विकणाऱ्याकडे त्याची पावडर सर्रास मिळते. हिशेब सांगते : दर ग्रॅमला ५००० युनिटची पावडर एक टन खाद्यात १०० ग्रॅम घातली की किलोला ५०० युनिट पडतात, आणि तेवढ्यावर टनामागे साधारण पाच-सहा किलो डीसीपी वाचतो. १०० ग्रॅम म्हणजे चहाचे दोन कप भरतील-न भरतील एवढी पावडर. टनभर खाद्यात ती सारखी पसरणे हीच खरी कसोटी. म्हणून आधी दहा किलो भरड्यात मिसळा, मग ते दहा किलो बाकीच्यात. फावड्याने एकदम ढकलू नका.

आता व्हिडिओतला मका. गोष्ट खरी आहे, फक्त ताजी नाही. चीनमध्ये ॲस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीचा फायटेजचा जीन मक्यात घातला गेला आणि २००९ मध्ये त्याला सरकारी जैवसुरक्षा प्रमाणपत्र मिळाले. त्याच सुमारास कीडरोधक बीटी तांदळालाही मिळाले. पाच वर्षांनी प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाले. पण प्रमाणपत्र भिंतीवर लागले म्हणून मका शेतात आला असे नाही. कित्येक वर्षे तो बाजारात उतरलाच नाही. माझा अंदाज विचाराल तर, दरम्यान पावडर इतकी स्वस्त झाली की खास मका वेगळा पिकवून, वेगळा साठवून, वेगळा विकण्यात कुणाला राम वाटला नसावा.

तुमच्या चोर्ल्यावरून येणाऱ्या ट्रकात तो नाही. भारतात एकाही जीएम, म्हणजे जीन बदललेल्या, मक्याला लागवडीची परवानगी नाही. परवानगी मिळून शेतात रुळलेले जीएम पीक एकच, कापूस, २००२ पासून. बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती मिळाली ती आजतागायत. मोहरीला २०२२ मध्ये हिरवा कंदील दाखवला, ती कोर्टात अडकली.

आणि अंडी? समजा उद्या असा मका आला आणि कोंबडीने खाल्ला. फायटेजचे काम चालते ते मुख्यतः कोंबडीच्या गळ्याखालच्या पिशवीत आणि पोटाच्या आंबट भागात. पुढे गेल्यावर तेही इतर प्रथिनांसारखे पचून जाते. अंड्यात उतरायला ते काही रंगद्रव्य नव्हे. मुलांना अंडी द्या. फक्त उन्हात तीन दिवस ठेवलेली देऊ नका. मुलांना त्याचा धोका मक्यापेक्षा कितीतरी अधिक.

पण "आपल्या जनावरांनी जीएम कधी तोंडाला लावले नाही" अशा समजात मात्र राहू नका. देशातला नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी आहे. त्याचीच सरकी, सरकीचीच पेंड. गोठ्यात वीस वर्षे ती जाते आहे आणि त्या दुधाचा चहा आपण सगळेच पितो. ऑगस्ट २०२१ मध्ये सोया पेंडीचे भाव गगनाला भिडले तेव्हा केंद्राने १२ लाख टन जीएम सोया पेंड बाहेरून आणायला मुभा दिली होती, तीही कोंबड्यांसाठीच. त्या वेळी मला एकही पत्र आले नाही. व्हिडिओ नव्हता ना!

प्रश्न : "पुड्यावर लिहिले होते त्याप्रमाणे डीसीपी कमी केले, फायटेज घातले. तरी तिसऱ्या आठवड्यात ब्रॉयलर बसायला लागले. आम्ही खाद्य गोळी करून घेतो. पावडर नकली असेल का?" (सावर्डे)

पावडर अस्सल असेल. तुमचा प्रश्न वाचून मला माझी लाज आठवली, ती सांगते.

फायटेज आमच्या गिरणीत पहिल्यांदा आले तेव्हाची गोष्ट. विकणारा माणूस गोड बोलणारा, पत्रक चकचकीत. मी सूत्र बसवले, टनामागे सहा किलो डीसीपी कापले, मालक खूश. अठराव्या दिवशी एका शेडवरून फोन आला. मी गेले. दारातून पाहिले तर अर्ध्या कोंबड्या बसलेल्या. ब्रॉयलर बसतोच, तो काही धावपटू नव्हे. पण हे बसणे निराळे होते. खाद्याची थाळी हातभर लांब आणि कोंबडी मान लांबवते, उठत नाही. एक उचलली. चोच दोन बोटांत धरली आणि दाबली, तर ती रबरासारखी वाकली. मेलेल्या एकीच्या पायाचे हाड सोलून हातात घेतले. निरोगी हाड कट्कन मोडते. हे वाकले, ओल्या काडीसारखे, आणि मोडलेच नाही. शेडवाला काही बोलला नाही. त्याने फक्त माझ्या हातातले ते हाड घेतले, स्वतः वाकवून पाहिले आणि परत दिले.

चूक कुठे झाली ते परतीच्या वाटेवर बोरीच्या पुलावर कळले. मी पावडर मिक्सरमध्ये घातली होती. मिक्सरनंतर खाद्य वाफेवर जाते, ८० ते ९० अंश, आणि मग साच्यातून गोळी होऊन बाहेर पडते. फायटेज प्रथिन आहे. अंडे उकडल्यावर त्याचे काय होते? तेच माझ्या चावीचे झाले. वाफेत चावी वितळली आणि त्याच आठवड्यात डीसीपी मीच काढून घेतले होते. पेटारा बंद, चावी गेली, वरचा खर्चही बंद.

तेव्हा तुमच्या गिरणीवाल्याला दोन गोष्टी विचारा. पावडरीवर उष्णता सोसणारे आवरण आहे का, आणि वाफेचे तापमान किती. आवरण नसेल तर गोळी थंड झाल्यावर तिच्यावर फवारायचे द्रवरूप फायटेज मिळते, ते वापरा. नाहीतर सरळ मॅश, म्हणजे गोळी न केलेले भरड खाद्य, खाऊ घाला. आत्ता ताबडतोब डीसीपी पूर्ववत करा. जे बसलेत त्यांतले थोडे उठतील, सगळे नाही.

दाण्यातच पाचक असेल तर हा घोळ टळेल का, असे तुमच्या पत्राच्या शेवटी आहे. आपोआप नाही. दाण्याच्या आत ते थोडे झाकलेले असते इतकेच. जीन कुठल्या जिवाचा घेतला यावर सगळे अवलंबून. काळ्या बुरशीचे फायटेज वाफेला भिते. उलट अमेरिकेत एक मका आहे, एनोजेन नावाचा, त्यात पिष्टमय पदार्थ फोडणारे अमायलेज भरलेले आहे आणि त्याचा जीन समुद्रतळाच्या उकळत्या झऱ्यांजवळ राहणाऱ्या सूक्ष्मजीवांवरून बेतला आहे. तो उष्णतेला दाद देत नाही. मुळात तो केला होता इथेनॉलसाठी, कारण इथेनॉल करताना मक्याचे पीठ तापवावेच लागते.

प्रश्न : "माझ्याकडे चार जर्सी संकर आणि एक श्वेतकपिला (गोव्याची गावठी गाय) आहे. विकणारा म्हणतो फायटेज गाईला दिल्याने दूध वाढते." (मये)

विकणाऱ्याला नमस्कार सांगा. गाईच्या कोठीपोटात कोट्यवधी जिवाणू राहतात आणि त्यांच्याकडे फायटेज फुकट असते. दाण्यातला फॉस्फरस गाय आपला आपण सोडवून घेते. त्या पैशात चांगले खनिज मिश्रण आणा.

अमायलेजचा मका मात्र अमेरिकेत गाईगुरांना घालतात, पिष्ट लवकर पचावे म्हणून. पण तिथल्या गोठ्यात गाय मणामणाने मका खाते. तुमची श्वेतकपिला पेंढा, हिरवी वैरण आणि मूठभर भरड्यावर आहे. तिच्या हिशेबात तो येतच नाही.

प्रश्न : "आमच्याकडे गावठी डुकरे आहेत, अगोंदा जातीची. मक्याऐवजी डुकरातच हा जीन घातला तर?" (काणकोण)

तुमच्या आधी कॅनडात कुणाला तरी हेच सुचले. ग्वेल्फ विद्यापीठात १९९९ मध्ये असे डुक्कर जन्माला आले की त्याच्या लाळेतच फायटेज. जीन ई. कोलाय जिवाणूचा. नाव ठेवले एन्व्हायरोपिग. शेणातला फॉस्फरस खरोखरच खूप घटला, आणि २०१० मध्ये कॅनडाच्या पर्यावरण खात्याने बंदिस्त जागेत पैदास करायला मान्यताही दिली. पण असल्या डुकराचे मांस कोण विकत घेणार, हे कुणालाच सांगता येईना. २०१२ मध्ये पैसा देणाऱ्या डुक्करपालक संघटनेने हात काढून घेतला आणि कळप मारून टाकला गेला. गुणसूत्रांची पुंजी गोठवून ठेवली आहे म्हणतात.

मला त्या डुकरांचे वाईट वाटते. त्यांनी काम चोख केले होते.

तुमच्या अगोंदाला याची गरज नाही. ते उष्टे, फणसाची साले, कंदमुळे असे मिळेल ते खाऊन मोकळे फिरते. फॉस्फरसचा प्रश्न एका छपराखाली पाचशे डुकरे कोंडून मका-सोया चारणाऱ्यांचा आहे.

प्रश्न : "ताई, तुम्ही जीएमच्या बाजूच्या की विरोधातल्या? कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे, मला विरोधी बाजू मिळाली आहे." (फोंडा)

बाजू तुला मिळाली आहे, मला नाही, त्यामुळे मला जरा मोकळे बोलता येईल.

पहिली गोष्ट समोरचा स्पर्धक तुला विचारणार आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवते. आज बाजारात फायटेजची जी पावडर मिळते ती बहुतेक सगळी जीन बदललेल्या बुरशी, यीस्ट किंवा जिवाणूंकडूनच करून घेतलेली असते. टाकीत बुरशी वाढवायची, तिच्याकडून एन्झाइम काढून घ्यायचे, गाळून सुकवायचे. चीज घट्ट करायला वासराच्या पोटातले जे रेनेट लागायचे तेही १९९० पासून असेच टाकीत होऊ लागले. अमेरिकेत खाद्यपदार्थांसाठी मान्यता मिळालेले असे ते पहिलेच एन्झाइम. तेव्हा "जीएम म्हणजे विष" एवढ्यावर उभी राहिलीस तर दोन मिनिटांत आडवी होशील.

तुझा मुद्दा दुसरीकडे आहे. टाकीला झाकण असते. बुरशी आत राहते, बाहेर येते ती पावडर, आणि पावडर मोजता येते. उद्या चुकली तर डबा बंद करता येतो. शेताला झाकण नाही. मक्याचा तुरा वाऱ्यावर परागकण सोडतो आणि वाऱ्याला बांध कळत नाही. पुढे तो दाणा त्याच मळणी यंत्रात, त्याच ट्रकात, त्याच गोदामात. गोव्याने तर मका पिकवायचा प्रश्नच नाही. आपल्याकडे येणार तो घाटावरून, पोत्यात बंद, आणि पोते बोलत नाही.

याची दोन उदाहरणे पाठ कर. अमेरिकेत स्टारलिंक नावाचा कीडरोधक मका फक्त जनावरांच्या खाद्यासाठी मंजूर होता. सप्टेंबर २००० मध्ये तो माणसांच्या टाको शेल्समध्ये सापडला आणि दुकानांच्या फळ्या रिकाम्या कराव्या लागल्या. दुसरे, तोच एनोजेन. २०११ मध्ये त्याला लागवडीची मोकळीक मिळाली तेव्हा आरडाओरड केली ती पर्यावरणवाल्यांइतकीच तिथल्या मका दळणाऱ्या गिरणीवाल्यांनी. त्यांचे म्हणणे साधे : दहा हजार दाण्यांत एक असा दाणा आला तरी आमचे पीठ सैल पडेल. दाणा विषारी आहे असे ते म्हणत नव्हते. तो त्याचे काम चोख करील, हीच त्यांची भीती! पिष्ट फोडणारा दाणा भाकरीच्या पिठात कुणाला हवा आहे?

फायटेज टाकीतून आलेले मी बिनदिक्कत वापरते. दाण्यातून आलेले मला आज तरी नको, कारण दाण्यात किती युनिट आहेत हे पोत्यागणिक तपासायला माझ्यासारखी केमिस्ट प्रत्येक शेडवर ठेवावी लागेल, आणि पगार परवडणार नाही. जिथे कंपनी मका पिकवते, साठवते, दळते आणि स्वतःच्याच कोंबड्यांना घालते तिथे कदाचित हिशेब जमेल. केरीच्या दोनशे कोंबड्यांसाठी नाही. हे तुझ्या बाजूने झाले की विरोधात ते तूच ठरव.

आणि पावडर अगदीच निरुपद्रवी आहे असेही म्हणू नकोस. एन्झाइमची धूळ नाकात जाऊन गिरणीतल्या कामगारांना दम्यासारखा त्रास होतो हे सिद्ध झालेले आहे. मला स्वतःला आजही डबा उघडला की सात शिंका येतात. सहा नाही, आठ नाही.

प्रश्न : "माझ्या सासूबाई कोंबड्यांचा कोंडा रात्री ताकाच्या पाण्यात भिजत घालायच्या आणि सकाळी घालायच्या. मी ते बंद केले, वास यायचा म्हणून. आता वाटते, त्यात काही होते का?" (मोरजी, पेडणे)

तुमच्या पत्रासाठी मी बाकीची पत्रे आखडती घेतली आहेत.

होते. १९०७ मध्ये जपानमध्ये सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फायटेज पहिल्यांदा शोधले ते कशात, माहीत आहे? तांदळाच्या कोंड्यात. मी मघा म्हटले की बी रुजताना स्वतःची चावी स्वतः काढते. ती चावी कोंड्यात थोडीफार असतेच. कोरड्या कोंड्यात ती निजलेली. पाणी लागले, थोडी ऊब आणि थोडा आंबटपणा मिळाला की कामाला लागते. सासूबाईंनी ताक घातले, चुलीजवळ मडके ठेवले, रात्रभर वेळ दिला. प्रयोगशाळेत मी थर्मामीटर आणि आम्लतेचा कागद घेऊन जे केले असते ते त्यांनी हाताने केले.

धान्याधान्यात मात्र फार फरक. गव्हाचा कोंडा या बाबतीत दिलदार, त्यात फायटेज भरपूर. मका आणि सोया कंजूष, जवळपास काहीच नाही. म्हणून नुसता मक्याचा भरडा भिजवून रात्र फुकट जाते. पण त्यात चौथाई गव्हाचा कोंडा मिसळलात तर गव्हाची चावी मक्याच्याही कुलपाला लागते; या बाबतीत सगळी कुलपे एकाच कारखान्याची.

आता एक गोव्याची मेख. आपला कोंडा कुठल्या भाताचा? उकड्याचा. भात आधी उकडायचे, वाळवायचे आणि मग गिरणीत न्यायचे. आमच्या घरी पूर्वी अंगणात तांब्याच्या भाणात भात उकडायचे आणि आम्ही पोरे वाफेत तोंडे धरून उभी. त्या वाफेत कोंड्यातली चावी मेली, माझ्या गिरणीत मेली तशीच. (उकड्याचा कोंडा लवकर खवट होत नाही त्याचेही कारण हेच. तेल नासवणारे एन्झाइमही वाफेत जाते.) तेव्हा सासूबाई उकड्याचा कोंडा भिजवत असतील तर फॉस्फरसपेक्षा ताकाच्या आंबटपणाचा आणि मऊपणाचा फायदा अधिक. सुरय (न उकडलेल्या) भाताचा किंवा गव्हाचा असेल तर दोन्ही.

त्या हयात असतील तर विचारा कोंडा कुठला होता, आणि मला कळवा.

पुन्हा सुरू करायचे असेल तर असे करा. दोन भाग उकड्याचा कोंडा, एक भाग गव्हाचा, मूठभर भरडा. कोमट पाणी एवढेच की मुठीत दाबले तर गोळा व्हावा आणि बोटांतून पाणी गळू नये. दोन डाव ताक. झाकून रात्रभर, सकाळी दहाच्या आत संपेल एवढेच. आंबूस वास आला तर चांगले. कुबट वास आला किंवा हिरवट बुरशी दिसली तर शेणखताच्या खड्ड्यात टाका, कोंबडीला नको. आपल्या पावसाळ्यात ओले खाद्य दुपारपर्यंत टिकत नाही. आणि याच्या भरवशावर डीसीपी बंद करू नका. मडक्यातली चावी किती उघडते हे रोज सारखे नसते. ३२ कोंबड्यांना मी असे घालते, तेही आठवड्यातून तीनदा. लेयरच्या मोठ्या शेडला मी हे सांगणार नाही.

प्रश्न : "शेजारच्या पोल्ट्रीचे लिटर आमच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) घालतो. खालच्या तळ्यावर हिरवी साय धरते. संबंध असेल?" (सावईवेरे)

दाट आहे. गोड्या पाण्यात शेवाळाला बहुधा फॉस्फरसचीच उणीव असते, ती तुमचे लिटर भरून काढते. नेदरलँड्समध्ये डुकरांच्या शेणाने पाण्याची अशीच अवस्था झाली होती, आणि १९९१ मध्ये फायटेज पहिल्यांदा बाजारात आले त्यामागे तिथल्या शेणखतावरच्या निर्बंधांचा मोठा रेटा होता. म्हणजे कोंबडी-डुकराचे भले नंतर, तळ्यांचे आधी. फायटेज घातलेल्या खाद्यावरच्या कोंबडीच्या विष्ठेत फॉस्फरस साधारण एक-तृतीयांशाने कमी पडतो, अर्थात डीसीपी त्या मानाने कमी केले तरच.

शेजाऱ्याला विचारा तो घालतो का. तोवर लिटर मृगाच्या तोंडावर उघड्यावर पसरू नका. पाऊस ओसरल्यावर, चवथीनंतर, पोफळीच्या आळ्यात घालून मातीने झाका. आणि तळ्याच्या बाजूच्या शेवटच्या दोन ओळी तशाच ठेवा.

प्रश्न : "फायटेजचा एक किलोचा डबा आणला आहे, आमच्या कोंबड्या सव्वाशे. किती दिवस टिकेल, कुठे ठेवू?" (बोरी)

सव्वाशे लेयर दिवसाला चौदा-पंधरा किलो खातात. एक किलो पावडर दहा टनांना पुरते. म्हणजे डबा तुम्हाला पावणेदोन-दोन वर्षे जाईल, आणि तेवढे त्याचे आयुष्य नाही. निम्मा डबा शेजारच्या शेडला द्या, पैसे वाटून घ्या. उरलेला छोट्या कोरड्या बाटल्यांत भरा, प्रत्येकीवर उघडल्याची तारीख लिहा आणि घरातल्या फ्रिजमध्ये ठेवा. शेडमध्ये नको, जुलैतल्या बोरीत मीठसुद्धा बरणीत पाणी होते. ओला चमचा घालू नका. आणि बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'कोंबडीचे' असे लिहा. आमच्याकडे एकदा पाहुण्यांनी ती पावडर सुंठ समजून चहात टाकली होती.